अडुळशाचे पान आणि साडेआठची नोंद

पाटबंधारे खात्यात कोयना खोऱ्यात काम करीत असताना रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजून त्याचा आकडा नोंदवहीत लिहिणे हे अनेक वर्षे माझे काम होते. आदल्या रात्री पत्र्यावर पाऊस कितीही कोसळल्यासारखा वाटला, तरी वहीत जायचा तो मोजपात्रातला आकडाच. ‘रात्रभर झोडपले’ असे तिथे लिहिता येत नसे. १९९४ साली डॉक्टरांनी मला पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची नळी दिली आणि एकाच दमात जोराने फुंकून काटा किती लिटर प्रतिमिनिटापर्यंत जातो ते रोज लिहून ठेवायला सांगितले, तेव्हा ते कामही मी साडेआठच्याच वेळेला जोडून टाकले. त्याआधीची तीस वर्षे माझा दमा ‘आज बरे आहे’ आणि ‘आज छाती भरली आहे’ या दोन वाक्यांवर चालला होता.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. तिच्या सात वर्षांच्या मुलाला दमा असल्याचे निदान झाले होते आणि डॉक्टरांनी पंप सुरू करायला सांगितला होता. “मामा, पंप लावायच्या आधी काही नैसर्गिक करून बघता येईल का?” असे तिने विचारले आणि पाठोपाठ मोबाइलवर एक यादीच पाठवली. त्या यादीत हळदीच्या कॅप्सूल, ड जीवनसत्त्व, माशाचे तेल, कलौंजीचे तेल आणि मधमाश्यांपासून मिळणारी कसलीशी जेली असे सगळे होते. फोनवर मी तिला दोन मिनिटांत उत्तर दिले खरे, पण ते उत्तर मलाच अपुरे वाटले, कारण यादीतल्या बहुतेक गोष्टी मी स्वतः कधी ना कधी घेतलेल्या आहेत आणि काहींबद्दल माझ्या वहीत नोंदीही आहेत.

सुरुवात अडुळशापासूनच करावी लागेल. पाटण तालुक्यातल्या आमच्या घराच्या कुंपणाला अडुळसा होता आणि मृगाचा पहिला पाऊस पडून भिंतींना ओल आली की माझी छाती वाजू लागायची. आजी अडुळशाची पिकली पाने पोळपाटावर ठेचून, किंचित वाफवून त्यांचा रस काढायची आणि मधात कालवून मला चाटवायची. रस कडूजहर असे, पण तासाभरात चिकट कफ सुटायचा हे मला स्पष्ट आठवते. यात आजीची माया होती तशी रसायनेही होती. अडुळशातल्या वासिसिन या अल्कलॉइडवर काम करता करताच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, १९६३ साली ते बाजारात आले, आणि पुढे त्याच्याच शरीरात होणाऱ्या रूपांतरातून अँब्रॉक्सॉल मिळाले. आज कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर यांपैकी एखादे नाव सापडते. म्हणजे आजीचा अडुळसा खोटा नव्हता. तो जे करत होता ते कफ पातळ करण्याचे काम होते, आणि दम्यामध्ये कफ हा परिणामांपैकी एक असतो, मूळ नव्हे. रात्री दोन वाजता मी उशांच्या राशीला टेकून बसलेलो असे, तेव्हा अडुळशाचा दुसरा चमचा काहीही करू शकत नसे. आजी मग ओव्याची धुरी द्यायची. त्या धुरीने माझे काय व्हायचे हे आता विचार केला तर अंगावर काटा येतो, कारण दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला कोणत्याही धुराइतके वाईट दुसरे काही नसेल.

दम्यात श्वासनलिकेच्या बाबतीत दोन गोष्टी घडतात. नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात, आणि नलिकेचे आतले अस्तर सुजून लाल झालेले असते. पहिली गोष्ट मिनिटांत घडते आणि मिनिटांत सुटूही शकते. दुसरी आठवड्यांच्या हिशेबाने चालते आणि रुग्णाला पुष्कळदा जाणवतही नाही. कोणताही उपाय, मग तो कुंपणावरचा असो की कारखान्यातला, या दोहोंपैकी नेमके काय करतो हे विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

स्नायू सैल करण्याच्या कामात वनस्पतींनी दम्याच्या उपचाराला इतके दिले आहे की ‘नैसर्गिक की रासायनिक’ हा वाद ऐकला की मला हसू येते. माझ्या आजोबांच्या फडताळात कनकासवाची बाटली असे. कनक म्हणजे धोत्रा. शंकराला वाहतो तोच, आणि पोटात जास्त गेला तर माणसाला भ्रम होऊन नाडी पळू लागते तोही हाच. धोत्र्याची पाने जाळून त्यांचा धूर ओढण्याचा आपल्याकडचा उपाय १८०२ च्या सुमारास मद्रासमधल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने एडिंबरोला नेला, आणि पुढे शंभर-दीडशे वर्षे युरोप-अमेरिकेत दम्याच्या सिगारेटी चक्क औषधांच्या दुकानांत विकल्या जात होत्या. धोत्र्यातले काम करणारे द्रव्य ॲट्रोपिनच्या कुळातले. ते श्वासनलिका सैल करते, पण रक्तात उतरून तोंड कोरडे पाडते, नजर धूसर करते आणि डोक्यातही शिरते. या रेणूत असा बदल केला गेला की तो रक्तात फारसा शोषला जाऊ नये आणि फुप्फुसातच राहावा. त्यातून इप्राट्रोपियम आले आणि नंतर टायोट्रोपियम. अटॅक आल्यावर दवाखान्यात नेब्युलायझरच्या वाफेतून जे औषध देतात, त्यात पुष्कळदा हा धोत्र्याचा पणतू असतो. आजोबांच्या बाटलीत आणि त्या वाफेत नात्याचे अंतर फार नाही. अंतर आहे ते रेणूतल्या बदलाचे आणि मात्रेचे.

सोमलतेची कथाही अशीच आहे. चिनी वैद्यकात फार जुन्या काळापासून वापरल्या जाणाऱ्या तिच्या जातभाईपासून जपानमधल्या नागाई नागायोशी यांनी १८८५ साली इफेड्रिन वेगळे केले, आणि १९२० च्या दशकात ते जगभर दम्यासाठी दिले जाऊ लागले. लहानपणी तालुक्याचे डॉक्टर मला जी पांढरी गोळी देत, तिच्यात इफेड्रिन आणि थिओफिलिन एकत्र असे. गोळी घेतली की श्वास मोकळा व्हायचा आणि काळीज इतके धडधडायचे की झोप लागत नसे. थिओफिलिन हे चहाच्या पानांतून १८८८ साली आल्ब्रेख्ट कोसेल यांनी वेगळे केलेले द्रव्य. इफेड्रिनची वनस्पती अमेरिकेत मात्र ‘नैसर्गिक पूरक’ म्हणून वजन उतरवण्यासाठी डब्यांतून विकली जाऊ लागली, आणि हृदयविकाराचे झटके व पक्षाघाताच्या घटना पुढे आल्यावर २००४ साली तिथल्या औषध प्रशासनाने अशा पूरकांवर बंदी घातली. झाडाचे मूळ तेच होते. डॉक्टरच्या मोजमापाखाली होते तोवर औषध ठरले आणि डब्यातून सुटे विकले गेले तेव्हा जिवावर बेतले.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो रॉजर अल्तुन्यान हा डॉक्टर. त्याला स्वतःला दमा होता. इजिप्तमधल्या खेल्ला नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्यापासून निघालेली एकामागून एक संयुगे तो स्वतःवर तपासत असे. गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून स्वतःला मुद्दाम अटॅक आणायचा, संयुग घ्यायचे आणि श्वासाचा आकडा मोजायचा, असे त्याने वर्षानुवर्षे केले. त्यातून १९६५ साली क्रोमोग्लायकेट हे दम्याचे औषध हाती लागले. आज ते मागे पडले आहे, पण वनस्पतीकडे कसे बघावे हे या माणसाकडून शिकावे असे मला वाटते. तो वनस्पतीवर श्रद्धा ठेवत नव्हता की तिला हसतही नव्हता. तो मोजत होता.

चहा-कॉफीबद्दल एक तळटीप. कॅफीन हे थिओफिलिनचेच भावंड असल्याने कॉफीने श्वासनलिका थोड्या सैल होतात, आणि हा परिणाम सुमारे चार तासांपर्यंत राहू शकतो. म्हणूनच फुप्फुसांच्या तपासणीच्या आधी काही तास चहा-कॉफी घेऊ नका असे सांगतात. माझ्या वहीत दोन कप कडक कॉफीनंतर दहा-पंधरा लिटरची वाढ दिसते, तर स्नायू सैल करणाऱ्या पंपाच्या दोन फवाऱ्यांनंतर सत्तर-ऐंशीची. पंप घरी विसरलेल्या प्रवासात मी एकदा कॉफीवर दवाखान्यापर्यंत पोचलो आहे, पण यापलीकडे तिची योग्यता नाही.

सूज उतरवण्याची गोष्ट वेगळी, आणि आजची पूरके मुख्यतः याच दाव्यावर विकली जातात. हळद घरोघरी असल्यामुळे तिच्यापासून सुरू करतो. हळदीतले करक्युमिन परीक्षानळीत दाह कमी करते यात शंका नाही, पण पोटातून ते रक्तात फारच कमी शोषले जाते. दम्यावर तिच्या ज्या चाचण्या झाल्या त्या थोड्या लोकांवर, थोड्या आठवड्यांसाठी झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मी तीन महिने रात्री हळद घातलेले दूध घेतले. वहीत फरक शून्य, झोप मात्र बरी लागली. सातपुड्यात आणि विदर्भाच्या जंगलांत सालईचे झाड असते, त्याच्या डिंकाची हकीकत जरा अधिक आशादायक आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४० दमेकऱ्यांना सहा आठवडे दिवसातून तीन वेळा ३०० मिलिग्रॅम सालईचा डिंक दिला, तेव्हा ७० टक्क्यांना बरे वाटले, आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळीवर ठेवलेल्या ४० जणांच्या गटात हे प्रमाण २७ टक्के होते. हे आकडे वाचून कोणाचेही मन हलेल. माझेही हलले होते. पण चाळीस माणसांवरची सहा आठवड्यांची चाचणी म्हणजे एका पावसाळ्याच्या नोंदीवर धरणाची उंची ठरवण्यासारखे आहे. आमच्या खात्यात असे कोणी केले असते तर त्याची बदली झाली असती. कलौंजीच्या तेलाबद्दलही अशाच लहान, उत्सुकता वाढवणाऱ्या चाचण्या आहेत. तिच्याबद्दल मी याहून अधिक काही म्हणणार नाही.

दमवेलीचा अनुभव सांगण्यासारखा आहे, कारण तिच्या नावातच दमा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीतल्या डॉक्टरांनी या वेलीची पाने दमेकऱ्यांना काही दिवस रोज सकाळी चावून खायला दिली आणि नुसती फसवी पाने दिलेल्या गटाशी तुलना केली. निष्कर्ष चांगले आले. पाने खाणाऱ्यांपैकी अनेकांची जीभ सोलवटली, उलट्या झाल्या, काहींना मिठाची चवच कळेनाशी झाली. तरी श्वास सुधारला असे दिसले. मग १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका भारतीय चाचणीत तोच फायदा दिसला नाही. आपल्याच देशात, आपल्याच वनस्पतीवर, आपल्याच डॉक्टरांनी इतक्या नेटाने केलेले हे काम ‘आयुर्वेदात सगळे आहे’ म्हणणाऱ्यांनाही ठाऊक नसते आणि ‘त्यात काही नाही’ म्हणणाऱ्यांनाही नसते, याचे मला वाईट वाटते.

आयुर्वेदाचा विषय निघालाच आहे तर चरकाचे म्हणणे नोंदवून ठेवतो. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार दिले आहेत आणि त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन वाचताना माझ्या खांद्यावरून कोणीतरी बघत होते की काय असे वाटते. रुग्णाला आडवे पडवत नाही, बसल्यावर बरे वाटते, उष्ण हवेसे वाटते, आणि ढग, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी त्रास वाढतो, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. हा रोग नवा असेल तर बरा होऊ शकतो, एरवी तो याप्य आहे, म्हणजे उपचार चालू असेतो आटोक्यात राहणारा आहे, असेही तिथेच म्हटले आहे. दमा मुळापासून घालवण्याच्या जाहिराती आयुर्वेदाच्या नावाने करणाऱ्यांनी निदान एवढी ओळ तरी वाचायला हवी. सितोपलादी चूर्णाचेही असेच आहे. त्यातले प्रमाण ठरलेले आहे: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १. म्हणजे एकतीस भागांपैकी सोळा भाग साखर. मधुमेह असलेले माझे एक सहकारी ते ‘काष्ठौषधी’ म्हणून वर्षभर मधातून घेत होते.

आता गोळ्यांकडे वळतो. ड जीवनसत्त्वाची गोष्ट या सगळ्यांत मला सर्वांत बोधक वाटते. दमेकऱ्यांच्या रक्तात ते पुष्कळदा कमी असते हे दिसून आले, तेव्हा ते देऊन पाहावे हे ओघानेच आले. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली असा निष्कर्ष काढला की नेहमीच्या औषधांबरोबर ड जीवनसत्त्व दिल्यास तीव्र अटॅक कमी होतात. माझ्या डॉक्टरांनी त्यावरचे टिपण मला वाचायला दिले आणि मी आठवड्याला साठ हजार युनिटांची पुडी दुधातून घेऊ लागलो. नंतर अधिक मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०२३ साली त्याच संस्थेने २० चाचण्या एकत्र तोलून आपलाच निष्कर्ष बदलला: दम्याचे अटॅक कमी होतात असे दिसत नाही. काही वाचकांना हा प्रकार ‘आज एक सांगतात, उद्या दुसरे’ असा वाटेल. मला तो विश्वास बसावा असा वाटतो, कारण दोन मापांवर काढलेला पुराचा अंदाज वीस मापे हाती आल्यावर बदलणे हेच प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. मी ड जीवनसत्त्व आजही घेतो, पण हाडांसाठी. पूर्वी पोटातून घेतलेल्या स्टिरॉइडने ती ठिसूळ केली आहेत. तेही रक्त तपासून, कारण जास्त झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण येतो.

मॅग्नेशियमबद्दल गैरसमज होण्यासारखी परिस्थिती आहे. गंभीर अटॅक आलेल्या रुग्णाला दवाखान्यात शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात आणि त्याचा उपयोग होतो. त्यावरून रोज मॅग्नेशियमची गोळी घेतली तर दमा शमेल असे अनुमान काढले जाते, आणि त्याला तसा आधार नाही. माशाच्या तेलाची उत्तम चाचणी डेन्मार्कमध्ये झाली, पण ती दमेकऱ्यांवर नव्हे तर गर्भवतींवर. शेवटच्या तिमाहीत रोज त्या तेलातली २.४ ग्रॅम ओमेगा-३ मेदाम्ले घेतलेल्या मातांच्या मुलांत सतत घरघर किंवा दमा १६.९ टक्के आढळला, इतरांत २३.७ टक्के. हे महत्त्वाचे आहे, पण ज्याला दमा झालेलाच आहे त्याच्या उपयोगाचे नाही. बांगडा आणि तारली आवडत असतील तर अवश्य खाव्यात. कॅप्सूलने पंप सुटेल अशी अपेक्षा धरू नये.

आता ज्या प्रसंगामुळे माझी मोजण्यावरची श्रद्धा एकदा साफ तोंडघशी पडली तो सांगतो. १९९८ च्या पावसाळ्यात माझे आकडे घसरत चालले होते. माझा सर्वोत्तम आकडा ४५०. त्याच्या ऐंशी टक्के म्हणजे ३६० च्या वर असेल तर ठीक, निम्म्याच्या म्हणजे २२५ च्या खाली गेला तर थेट दवाखाना, असा हिशेब डॉक्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला होता. मी २८० च्या आसपास होतो. एका नातेवाइकाने राखाडी रंगाच्या पुड्या आणून दिल्या: शुद्ध वनस्पती, मधातून दोन वेळा, पंप बंद. चौथ्या दिवशी मी ४१० फुंकले. दहाव्या दिवशी ४४०. वही खोटे बोलत नव्हती. भूक वाढली, अंगात उत्साह आला, चेहरा भरला. “पंपाची सवय लागंल म्हणत हुतो की न्हाई?” असे आमच्या चुलत्यांनी चारचौघांत विचारले आणि मी मान डोलावली.

चार महिन्यांनी पुड्या आणून देणारा माणूस गावाला गेला आणि पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी मला उठता येईना, उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब उतरला आणि त्यातच अटॅक आला. दवाखान्यात सकाळच्या रक्तातले कॉर्टिसॉल तपासले ते जवळजवळ नव्हतेच. शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवायचे विसरते ते बाहेरून भरपूर स्टिरॉइड मिळत असेल तरच, असे डॉक्टरांनी सांगितले. उरलेली एक रिकामी पुडी ओळखीच्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकांकडे दिली. तिच्या तळाला चिकटलेल्या भुकटीचा ठिपका त्यांनी कागदासारख्या पट्टीवर चढवला तेव्हा तो प्रेडनिसोलोनच्या ठिपक्याशी जुळला. सूज उतरवणाऱ्या पंपातल्या स्टिरॉइडला भिऊन मी जे खात होतो ते स्टिरॉइडच होते, आणि पंपातल्या मात्रेच्या कितीतरी पटींनी. पंपातून एका वेळी जाते ते मायक्रोग्रॅममध्ये, आणि तेही बहुतांश थेट श्वासनलिकेत. गोळीतले किंवा पुडीतले मिलिग्रॅममध्ये, आणि सर्वांगात.

त्या दिवसापासून मला कळले की आकडा सुधारला एवढ्याने भागत नाही, पुडीत काय आहे तेही ठाऊक असावे लागते. बिनलेबलच्या ‘वनौषधी’ने तीन-चार दिवसांत चमत्कारासारखे बरे वाटले तर मी आता आनंदित होत नाही, घाबरतो. वनस्पती इतक्या लवकर सूज उतरवत नाहीत. आणि अशा वेळी ते औषध अचानक बंद करणेही धोक्याचे असते, हे मला अंगावर शिकावे लागले.

लेबल असले म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. बोस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. श्वासकुठार रसात तर पारा, गंधक, मनःशिळ हे आर्सेनिकचे खनिज आणि बचनाग हे विषारी मूळ हे घटक ग्रंथोक्तच आहेत. जाणकार वैद्य तो विचारपूर्वक देतात, पण ‘जडीबुटीच आहे’ म्हणून आपण होऊन घेण्याची ती वस्तू नव्हे. ज्येष्ठमध घशाला गोड वाटते, पण जास्त दिवस भरपूर घेतले तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. दम्याची काही औषधेही पोटॅशियम उतरवतात, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. अडुळसा गर्भवतींनी घेऊ नये, कारण त्यातले वासिसिन गर्भाशयाला आकुंचन आणते. भाचीच्या यादीतली मधमाश्यांची जेली म्हणजे रॉयल जेली. तिने दमेकऱ्यांना जीवघेणी ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत, ऑस्ट्रेलियात मृत्यूही झाले आहेत. यादीतली ती एकच वस्तू मी तिला फोनवरच खोडायला लावली.

‘मग इतक्या लोकांना गुण कसा येतो?’ हा प्रश्न उरतोच. मृग नक्षत्राला हैदराबादला मरळ माशाच्या जिवंत पिलाच्या तोंडात पिवळसर लगदा घालून तो दमेकऱ्यांना गिळायला देतात; आमच्या भागातूनही लोक जात. कोजागरीच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा तर ठिकठिकाणी आहे. माणूस अशा ठिकाणी जातो ते त्याचा त्रास शिगेला पोचलेला असताना, आणि दमा हा रोग भरती-ओहोटीचा आहे. शिगेनंतर तो बहुधा उतरतोच. माझ्या वहीत कोणताही नवा उपाय न करता ऑक्टोबरअखेर आकडे चढलेली किती तरी वर्षे आहेत. त्या आठवड्यात मी खीर खाल्ली असती तर श्रेय खिरीला गेले असते.

भाचीला मी शेवटी जे लिहून पाठवले ते असे. मुलाचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, डॉक्टरांनी सांगितला तसा रोज सुरू कर आणि नंतर त्याला चूळ भरायला लाव. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास भारतात होतात. या तफावतीचे एक मोठे कारण सूज उतरवणारा पंप वेळेवर सुरू न होणे किंवा बरे वाटताच बंद करणे हे आहे. सूज उतरवण्यात त्या पंपाची जागा घेईल असे एकही पूरक आजवर सिद्ध झालेले नाही. त्याच्या जोडीला हळदीचे दूध, आल्याचा चहा, अडुळसा-मध द्यायचे असेल तर दे, पण डॉक्टरांना सांगून, एका वेळी एकच, आणि निदान सहा आठवडे आकडे लिहून. धुरी, कापराची पुरचुंडी आणि अगरबत्ती घरातून काढ. गाद्या उन्हात घाल, भिंतीची ओल बुजव. दारासमोर गाजरगवत असेल तर फुलायच्या आधी उपटून टाक, मात्र त्या वेळी मुलाला जवळ येऊ देऊ नकोस.

तिने उत्तरात फक्त एवढेच विचारले की त्याची नोंद किती वाजता घ्यायची. मी साडेआठ लिहिले, आणि मग आठवले की त्याची शाळा सव्वासातची असते. सहाला घे, असे पुन्हा कळवले.